फुकट चलच्चित्राचें मोल

विद्यार्थिमित्रहो, यूट्यूबवरील चलच्चित्र फुकट मिळतें असें आपणांस वाटतें. वस्तुतः त्याचे पैसे जाहिरातदार देतो, व त्याच्या मोबदल्यांत आपलें लक्ष घेतो. २०१६ सालीं जिओमुळें इंटरनेट स्वस्त झालें, आणि आपल्या मराठवाड्यांतील खेड्यांतही प्रेक्षक वाढले. त्याच वर्षीं ‘भाडिपा’ ही मराठी वाहिनी निघाली. प्रेक्षक जमले कीं जाहिरातदार येतो, हा बाजाराचा जुनाच न्याय होय.

पांच सेकंदांनंतर टाळतां येणारी जाहिरात उघड असते. परंतु आवडत्या कलावंतानें मोबदला घेऊन गोष्टींतच गुंफलेली स्तुति ओळखणें कठीण. म्हणून भारतीय जाहिरात मानक परिषदेनें २०२१ सालीं अशा स्तुतीवर जाहिरातीची खूण स्पष्ट दाखविण्याचा नियम घालून दिला. पालकहो, मुलांजवळ बसून ती खूण त्यांस दाखवावी. गेलेला पैसा पुन्हां मिळवितां येतो. गेलेली घटका येत नाहीं.