गुलमर्ग : ताज्या हिमाची ओढ

आखीव उतार सोडून नुकत्याच पडलेल्या भुसभुशीत हिमातून, म्हणजेच ‘पावडर’मधून, घसरण्याचे वेड असलेले स्कीपटू हिवाळ्यात काश्मीरमधील गुलमर्गला मुक्काम ठोकतात. २००५ मध्ये रोपवेचा दुसरा टप्पा सुरू झाला आणि अफरवट पर्वतावरील सुमारे ३,९०० मीटर उंची त्यांच्या आवाक्यात आली. हिमवृष्टी थांबेपर्यंत ताटकळायचे आणि आकाश निवळताच पहिल्या पाळण्यासाठी रांग लावायची, हा त्यांचा दिनक्रम. मात्र हे ताजे हिम खालच्या थराला घट्ट धरून नसते. एका स्कीपटूच्या भारानेही ते कोसळू शकते. फेब्रुवारी २०२३ मध्ये येथेच दोन पोलिश स्कीपटू हिमस्खलनात मरण पावले. गाडल्या गेलेल्यास साधारण १५ मिनिटांत बाहेर काढावे लागते. त्यासाठी संकेतयंत्र, शोधसळई आणि फावडे सोबत बाळगतात. एकट्याने जाणाऱ्याला त्यांचा उपयोग नाही.