न्हाणीघर : पायाखालचा दगड, हाताखालचा चुना

काळा दगड (बसाल्ट)
ज्वालामुखीचा खडक, वय सुमारे ६.६ कोटी वर्षे. अहिल्यानगर जिल्हा याच थरांवर वसलेला. टाकी मारलेला दगड ओला असतानाही पाय धरून ठेवतो. पॉलिश केला की तोच निसरडा. न्हाणीच्या तळाला पॉलिश नकोच.

शहाबादी, कडप्पा, कोटा
नावे गावांवरून : शहाबाद (कर्नाटक), कडप्पा (आंध्र प्रदेश), कोटा (राजस्थान). तिन्ही चुनखडीचे.

चुन्याचा गिलावा
हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून घट्ट होतो. घोटला की तुळतुळीत, पण श्वास घेणारा : भिंतीतली ओल बाहेर पडू देतो. अहिल्यानगरमधला जुना नमुना म्हणजे फराहबाग. हौदाच्या मधोमध उभा असलेला हा निजामशाही महाल १५८३ मध्ये पूर्ण झाला. दगडी बांधकामावर चुन्याचा गिलावा.

एकच तापमान, वेगळा स्पर्श
• तांब्याचे घंगाळ, दगडी फरशी, लाकडी पाट एकाच खोलीत असले तरी सारखे गार लागत नाहीत.
• कारण उष्णतावहन. तांब्याची उष्णतावहनक्षमता लाकडाच्या हजाराहून अधिक पट, म्हणून ते अंगातली ऊब झटकन ओढते. दगड त्या दोहोंच्या मधला.
• पहाटेच्या थंडीत पाट म्हणूनच सुसह्य.

खबरदारी
ॲसिड पडताच चुनखडीवर फेस येतो, म्हणजे फरशीच विरघळत असते. शहाबादी, कडप्पा किंवा कोटा धुण्यासाठी ॲसिड वापरू नये.