एकच पोळा, सहा साले

२ सप्टेंबर २०२४, सोमवार. त्या दिवशी पोळा होता. गोरेगाव तालुक्यात मराठी पंचांग श्रावण अमावस्या दाखवत होते. गोंदिया जिल्ह्याची सीमा ओलांडून छत्तीसगडात गेले, की तिथेही त्याच दिवशी बैलांची पूजा. पण तिथल्या पंचांगात ती भादोची अमावस्या. चंद्र एक, तिथी एक, सण एक आणि महिने दोन.

मराठी महिना अमावस्येला संपतो, तर उत्तरेकडच्या पंचांगातला पौर्णिमेला. शुद्ध पक्षाचे नाव दोन्हीकडे सारखेच असते. वद्य पक्ष मात्र आपल्याकडे सरत्या महिन्याच्या पदरात पडतो, त्यांच्याकडे पुढच्या महिन्याच्या. त्यामुळे त्यांचा महिना आपल्यापेक्षा पंधरवडाभर आधी लागतो. २०२४ मध्ये सीमेपलीकडच्या बालाघाटकडे सावनचा पहिला सोमवार २२ जुलैला आला, आपला श्रावणी सोमवार ५ ऑगस्टला. ज्या घरांची सोयरीक सीमेच्या दोन्ही बाजूंना आहे, तिथे सासूचा उपास सुरू झालेला असतो आणि सुनेचा अजून लागायचा असतो. दोघींचेही बरोबर असते.

आता त्या पोळ्याचे साल काढू. इथे दोन प्रश्न नेहमी वेगळे ठेवावेत: मोजणी कुठून सुरू केली, आणि वर्ष कधी पालटते? शालिवाहन शक इ.स. ७८ पासून मोजतात आणि पाडव्याला पालटतो, म्हणून शके १९४६. विक्रम संवत इ.स.पूर्व ५७चा. तो उत्तरेत चैत्रात पालटतो म्हणून तिथे २०८१. गुजरातेत दिवाळीनंतर पालटतो म्हणून तिथे अजून २०८०च. राज्याभिषेक शकाचे पहिले वर्ष ६ जून १६७४ला सुरू झाले, त्या हिशेबाने ३५१. बुद्धाच्या महापरिनिर्वाणापासून मोजणारे २५६८ म्हणतील. नागपूरला १४ ऑक्टोबर १९५६ रोजी बाबासाहेबांनी धम्मदीक्षा घेतली, ते याच गणनेचे २५००वे वर्ष होते.

सगळ्यांत शिकण्यासारखे साल फसली. हिजरी वर्ष साधारण ३५४ दिवसांचे आणि त्याला अधिक मास नाही, त्यामुळे त्याचे महिने ऋतूंमधून मागे सरकत जातात. शेतसाऱ्याचा महिना ठरलेला, पण त्या महिन्यात खळ्यावर धान असेलच असे नाही. शेतकऱ्याने भरायचे कशातून? अकबराने यावर फसली सालाचा तोडगा काढला, आणि दख्खनेत ते शाहजहानने इ.स. १६३६ मध्ये आणले. तेव्हा हिजरी १०४६ चालू होते. तो आकडा तसाच उचलला, पुढची वर्षे मात्र सूर्याच्या चालीने मोजली. त्यानंतर २०२४ पर्यंत सूर्याची ३८८ वर्षे झाली, तेवढ्यात चंद्राची ४००. म्हणून त्या पोळ्याला हिजरी १४४६ होते आणि दख्खनी फसली १४३४. मराठी दफ्तरांतला शुहूर सनही याच जातीचा. तो हिजरी ७४५, म्हणजे इ.स. १३४४ पासून सूर्याला बांधला आणि मृग नक्षत्राला पालटू लागला. धानाच्या पऱ्ह्यांची तयारी आजही मृगाकडे बघूनच होते. शेतकऱ्याच्या दृष्टीने मला हीच वर्षारंभाची सर्वांत रास्त जागा वाटते.

आपल्या पंचांगाने चंद्र सोडला नाही. दरवर्षी पडणारी अकरा दिवसांची तूट ते अधिक मासाने भरून काढते. २०२३ मध्ये अधिक श्रावण आला, म्हणून पोळा १४ सप्टेंबरपर्यंत लांबला. मग २ सप्टेंबर, आणि २०२५ मध्ये २२ ऑगस्ट.

स्वतंत्र भारताने हा गुंता सोडवायला मेघनाद साहांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. तिने आखलेले राष्ट्रीय सौर पंचांग २२ मार्च १९५७ला, म्हणजे १ चैत्र १८७९ला लागू झाले. साहा त्याआधीच, १९५६च्या फेब्रुवारीत गेले होते. पंचांगाची बांधणी सुबक आहे: चैत्र ३० दिवसांचा, लीप वर्षी ३१चा, पुढचे पाच महिने ३१चे आणि उरलेले ३०चे. पण सौर महिन्यांना चांद्र महिन्यांचीच नावे दिली, तिथे घोटाळा झाला असे मला मनापासून वाटते. आपला तो श्रावणातला पोळा या पंचांगात ११ भाद्र १९४६ला येतो. शक तोच, महिना दुसरा. गावाने ते पंचांग आपलेसे केले नाही, त्यात गावाचा दोष नाही.

जुन्या कागदावरचा शक वाचताना ७८ मिळवायचे हे बहुतेकांना ठाऊक असते. पण जानेवारी उजाडल्यावर इसवी सन पालटतो आणि शक पाडव्यापर्यंत तोच राहतो, म्हणून त्या मधल्या काळात ७९ मिळवावे लागतात. सालेकसा तालुक्यातल्या कचारगडची गोंडांची यात्रा नेमकी या काळात, माघ पौर्णिमेला भरते. मध्य प्रदेश, छत्तीसगड, तेलंगणातून येणाऱ्यांचाही महिना माघच असतो, कारण तिथी शुद्ध पक्षातली. शके १९४६ची ती पौर्णिमा १९४६ अधिक ७९, म्हणजे २०२५ सालची. त्या वर्षी ती १२ फेब्रुवारीला होती.