कातडं तासणारं चाक

आपण ‘पेंढा भरलेला वाघ’ म्हणतो, पण हल्ली आत पेंढा नसतो. फोमच्या साच्यावर कातडं चढवतात; या कामाला टॅक्सिडर्मी म्हणतात. ते साच्यावर नीट बसायचं तर आतून पातळ हवं. अमेरिकेतल्या टॅक्सिडर्मी कार्यशाळांत हे काम फ्लेशिंग मशीन करतं : मोटरवर फिरणारं गोल पातं आणि त्यापुढे मागेपुढे सरकवता येणारा गार्ड. आम्लाच्या द्रावणात मुरलेलं, निथळलेलं कातडं गार्डवर ताणून धरायचं, की साल निघाल्यासारखा पापुद्रा सुटतो.

असं मशीन घेताना मोटरच्या ताकदीपेक्षा मी गार्ड आधी पाहीन. तो बारीक फरकाने सरकत नसेल, किंवा पातं डगमगत असेल, तर डोळ्यांभोवतीच्या नाजूक कातड्याला भोक पडलंच म्हणून समजा.

खरी मेख धारेत आहे. ती नुसती तीक्ष्ण करून भागत नाही. पोलादी कांडीने तिची कड किंचित वळवावी लागते. धार बोथट झाली की हात जोर लावतात, आणि कातडं फाटतं. काम संपल्यावर प्लग काढून पातं धुवा, पुसा, तेलाचा हात फिरवा. आम्लामुळे गंज लवकर चढतो.

भारतात मात्र वन्यप्राण्यांवर टॅक्सिडर्मीचं काम करायला 1972च्या वन्यजीव कायद्यानुसार परवानगी लागते.