विश्लेषण : दूरदर्शनच्या रिकाम्या लहरी पालघरच्या पाड्यांवर इंटरनेट का पोहोचवत नाहीत?

तारापूर औद्योगिक वसाहत, अणुऊर्जा केंद्र आणि पश्चिम रेल्वे यांमुळे बोईसर शहरात मोबाइल कंपन्यांना ग्राहकांची वानवा नाही. त्याच पालघर तालुक्यातील झाडी-डोंगरांत विखुरलेल्या पाड्यांचे गणित मात्र वेगळे आहे. ‘रेंज’ नसणे ही तिथे केवळ करमणुकीची अडचण राहिलेली नाही. रोजगार हमीच्या कामांवर जानेवारी २०२३ पासून अ‍ॅपवर छायाचित्रासह हजेरी सक्तीची झाली. अंगणवाडी सेविकांना बालकांच्या नोंदी ‘पोषण ट्रॅकर’वर भराव्या लागतात. सप्टेंबर २०२५ मध्ये लाडकी बहीण योजनेसाठीही ई-केवायसी आले. म्हणजे मजुरी, पोषण आहार आणि अनुदान या तिन्ही गोष्टी सिग्नलला बांधल्या गेल्या आहेत.

विशेष म्हणजे, या पाड्यांपर्यंत पोहोचू शकतील अशा रेडिओलहरी देशात मोठ्या प्रमाणावर रिकाम्या आहेत आणि त्यांचा प्रयोगही याच तालुक्यात झाला आहे.

रिकाम्या लहरी कोणत्या?

घरावर अँटेना लावून दूरदर्शन पाहण्याच्या काळातील. ४७० ते ५९० मेगाहर्ट्झ या पट्ट्यात प्रत्येकी ८ मेगाहर्ट्झचे १५ चॅनेल बसतात. अमेरिका-ब्रिटनमध्ये अशा पट्ट्यात अनेक खासगी वाहिन्यांची दाटी असते. भारतात जमिनीवरील मनोऱ्यांतून दूरचित्रवाणी प्रक्षेपणाचा अधिकार फक्त दूरदर्शनकडे आहे. त्यामुळे १५ पैकी किमान १२ चॅनेल देशात जवळपास सर्वत्र वापराविना असल्याचे आयआयटी मुंबईच्या संशोधकांनी २०१४ मध्ये दाखवून दिले. अशा मोकळ्या जागेला ‘व्हाइट स्पेस’ म्हणतात. पुढे प्रसार भारतीने मोक्याची काही ठिकाणे वगळता अ‍ॅनालॉग प्रक्षेपकही २०२२ पर्यंत टप्प्याटप्प्याने बंद केले.

खामलोलीत काय प्रयोग झाला?

आयआयटी मुंबईचे प्रा. अभय करंदीकर यांच्या नेतृत्वाखालील ‘ग्राम मार्ग’ प्रकल्पाने प्रायोगिक परवाना घेऊन खामलोली आणि आसपासच्या गावांत या लहरींवर इंटरनेट पोहोचवून पाहिले. जांभळांसाठी प्रसिद्ध असलेले बहाडोली याच टापूत येते. ‘भारतनेट’ची ऑप्टिकल फायबर ग्रामपंचायतीपर्यंत आणायची, अशी केंद्राची योजना आहे. प्रश्न उरतो तो पंचायतीपासून पाड्यापर्यंतच्या दोन-चार किलोमीटरचा. तेवढ्यासाठी ओढा ओलांडून, वनजमिनीतून केबल पुरणे महाग पडते. तेथे बिनतारी दुवा हवा.

हा दुवा कोणत्या लहरींवर चालतो, यावर बराच खर्च ठरतो. ५०० मेगाहर्ट्झच्या आसपास लहरीची लांबी सुमारे ६० सेंटीमीटर असते, तर ५.८ गिगाहर्ट्झला जेमतेम पाच सेंटीमीटर. अँटेना सारख्याच क्षमतेच्या असतील, तर तेवढ्याच अंतरावर दुसऱ्या लहरीची हानी सुमारे १३५ पट अधिक होते. शिवाय ती पानांत अडकते. दोन्ही टोके एकमेकांना स्पष्ट ‘दिसली’ पाहिजेत, म्हणून मनोरा झाडांच्या वर न्यावा लागतो. मनोरा उंचावला की पैसे वाढलेच. दूरचित्रवाणीच्या लहरी झाडीतून बऱ्यापैकी पार होतात. त्यांच्या अँटेना आकाराने मोठ्या असतात आणि एका चॅनेलवरचा वेगही मर्यादित असतो, हे खरे. पण एखाद्या पाड्याच्या गरजेला तो पुरतो.

मग त्या सरसकट का वापरल्या नाहीत?

प्रायोगिक परवान्यावर ग्राहकांना सेवा विकता येत नाही आणि व्यावसायिक वापराला सरकारने वाट मोकळी केली नाही. त्यामुळे प्रकल्पाने पालघर जिल्ह्यातील २५ गावांत जाळे उभारताना ५.८ गिगाहर्ट्झचाच आधार घेतला. कारण तांत्रिक नव्हते. तो पट्टा परवानामुक्त होता, एवढेच. या कामाला २०१७ मध्ये मोझिलाच्या ‘इक्वल रेटिंग’ स्पर्धेत सव्वा लाख डॉलरचे पहिले पारितोषिक मिळाले. ऑक्टोबर २०१८ मध्ये केंद्राने ५ गिगाहर्ट्झ परिसरातील एकूण ६०५ मेगाहर्ट्झ परवानामुक्त केले, त्याचा फायदा गावोगावच्या छोट्या सेवा पुरवठादारांना झाला. पण झाडी भेदणाऱ्या लहरी कुलूपबंदच राहिल्या.

यामागे लिलावाचा आग्रह आहे. टूजी प्रकरणात २ फेब्रुवारी २०१२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने १२२ परवाने रद्द केले. तेव्हापासून लिलावाशिवाय लहरी द्यायच्या म्हटले की प्रशासन कचरते. वास्तविक परवानामुक्त करणे म्हणजे एखाद्या कंपनीला फुकट देणे नव्हे. वाय-फायप्रमाणे शक्तीची मर्यादा घालून सर्वांना सारखाच वापर खुला करणे, एवढाच त्याचा अर्थ.

लिलावातून गावांना काय मिळाले?

७०० मेगाहर्ट्झचे उदाहरण बोलके आहे. दूरवर पोहोचणारा हा पट्टा ग्रामीण भागासाठी सोयीचा. २०१६ मध्ये त्याची राखीव किंमत देशभरासाठी प्रति मेगाहर्ट्झ ११,४८५ कोटी रुपये ठेवली गेली. एकही बोली आली नाही. २०२१ मध्ये ती ६,५६८ कोटींवर आणली, तरी कोणी फिरकले नाही. अखेर २०२२ मध्ये ३,९२७ कोटींच्या दराने रिलायन्स जिओने १० मेगाहर्ट्झ घेतले. मधली सहा वर्षे या पट्ट्यातून तिजोरीत दमडी आली नाही आणि गावात सिग्नलही नाही. त्याच २०२२ च्या लिलावात ६०० मेगाहर्ट्झला बोलीच लागली नाही.

दुसरी अडचण लिलावाच्या एककात आहे. देशाची विभागणी २२ परिमंडळांत आहे. बोईसर-पालघर ‘महाराष्ट्र’ परिमंडळात येते, ज्यात पुणे, नाशिक, गोवाही आहेत. खामलोलीपुरत्या लहरी हव्या असलेल्या स्थानिक उद्योजकाला पुण्याचीही किंमत मोजावी लागेल. उलट, अख्खे परिमंडळ घेणारी कंपनी गुंतवणुकीची वसुली आधी पुण्यातून करणार, हे उघड आहे.

आता बदल होऊ शकतो का?

दूरसंचार कायदा, २०२३ मधील कलम ७ महत्त्वाचे आहे. एका कंपनीला दिलेल्या लहरी इतरांनाही दुय्यम वापरासाठी देण्याची आणि सबळ कारणाशिवाय पडून असलेल्या लहरी काढून घेण्याची मुभा ते केंद्राला देते. पाड्यांच्या दृष्टीने हे कलम कोणत्या क्षेत्राला लावले जाते, ते निर्णायक ठरेल. परिमंडळाची सरासरी काढली, तर पुण्याचा वापर पालघरमधील रिकामी जागा झाकून टाकेल. दरम्यान, केंद्राने मे २०२५ मध्ये ६ गिगाहर्ट्झच्या खालच्या ५०० मेगाहर्ट्झच्या परवानामुक्तीचा मसुदा काढला. त्यात घराबाहेरच्या वापराला अत्यल्प शक्तीचीच परवानगी होती. त्यातून घरातील वाय-फायचा वेग वाढतो, पंचायतीपासून पाड्यापर्यंतचा दुवा जोडता येत नाही.