पुसलं गेलं? रागावू नका, संदर्भ आणा!

समजा, तुम्ही दारव्ह्याचे. यवतमाळ-मूर्तिजापूर शकुंतला रेल्वे तुमच्या गावावरून जायची. आजोबांनी सांगितलेले तिचे किस्से तुम्ही रात्री जागून मराठी विकिपीडियावर टाकता. सकाळी बघता, तर सगळं गायब! कारण दोनच शब्दांत: ‘संदर्भ हवा’.

डोकं फिरतं ना? ‘काऊन पुसलं बाप्पा? आमच्या गावची गाडी आम्हाले माहीत नाही, तं कोणाले?’

बरेच नवे संपादक इथेच कायमचे लॉगआउट होतात. तुम्ही होऊ नका. 1 मे 2003 ला सुरू झालेला मराठी विकिपीडिया तुमच्या-आमच्यासारखे लोकच फुकटात लिहितात. तुमचं लिखाण काढणाराही असाच कुणीतरी. तो तुमच्या आजोबांना ओळखत नाही. खरी आठवण कोणती आणि थाप कोणती, हे त्याला कसं कळणार? म्हणून इथला पहिला नियम पाठ करा: गोष्ट खरी असून भागत नाही, वाचणाऱ्याला ती तपासता आली पाहिजे.

शकुंतलेचंच घ्या. 1994 पर्यंत ही नॅरोगेज गाडी वाफेच्या इंजिनावर धावली, कापसाच्या वाहतुकीसाठी ती बांधली गेली, हे ठीक. पण कधी बांधली? कुठे 1903 सापडतं, कुठे 1910. ‘ती आजही इंग्रजांच्या मालकीची’ हे तर बातम्यांमधून इतक्यांदा आलंय, की कुणी तपासतच नाही. अशा वेळी आवडीचं साल निवडायचं नाही. जिल्ह्याचं गॅझेटियर, रेल्वेवरची पुस्तकं उघडायची. तरीही मेळ बसला नाही, तर कोणता स्रोत काय म्हणतो ते दोन्ही लिहायचं.

सुरुवात कशी कराल? आधी खातं उघडा. मग ‘धूळपाटी’वर सराव करा, तिथे चुकलं तरी कुणी रागवत नाही. पहिल्याच दिवशी अख्खा लेख लिहायला बसू नका. लोकनायक बापूजी अणे 29 ऑगस्ट 1880 ला वणीत जन्मले, अशा एखाद्या वाक्याला पुस्तकाचा संदर्भ जोडा: लेखक, नाव, साल, पान. जतन करताना सारांशात काय बदललं ते एका ओळीत सांगा. पेपरातला मजकूर कॉपी-पेस्ट करू नका, वाचून स्वतःच्या शब्दांत मांडा. स्वतःवर, घरच्यांवर किंवा आपल्या भाऊसाहेबांवर लेख लिहू नका. फोटो टाकायचा तर स्वतः काढलेला टाका. तो मुक्त परवान्याखाली जातो, म्हणजे तुमचं नाव देऊन कुणीही वापरू शकतो, धंद्यासाठीसुद्धा.

आणि पुसलं गेलंच तर? ‘इतिहास’वर क्लिक करा. तुमची जुनी आवृत्ती बहुतेक वेळा तिथे शाबूत असते. तोच मजकूर पुन्हा पुन्हा डकवत बसलात, तर बंदी येऊ शकते. त्यापेक्षा चर्चापानावर जा, शांतपणे विचारा: ‘यासाठी कोणता संदर्भ चालेल?’ शेवटी चार टिल्डे टाका, तुमची सही आपोआप उमटते. तिथे उत्तर मिळालं नाही, तर ‘चावडी’ आहेच.

आता अवघड गोष्ट. आपल्या जिल्ह्यातल्या कोलाम पोडांवर बोलली जाणारी कोलामी ही द्राविडी भाषा, तेलुगूच्या नात्यातली. पोडावरच्या आजीला येणारी गाणी छापलीच गेली नसतील, तर संदर्भ आणणार कुठून? विकिपीडियाचा नियम इथे तोकडा पडतो. पण त्यावर खोटा संदर्भ हा उपाय नाही. आजीची परवानगी घेऊन गाणी लिहून घ्या, भाषेच्या अभ्यासकांपर्यंत पोहोचवा, आधी कुठेतरी नीट छापून येऊ द्या. ज्ञानकोशात शेवटी तेच शिरतं, जे कुणीतरी आधी नोंदवून ठेवलेलं असतं. ते कुणीतरी तुम्ही असू शकता.

यवतमाळ जिल्ह्यात 16 तालुके आहेत. आज आपल्या तालुक्याचं पान उघडा. संदर्भ नसलेलं एक वाक्य शोधा आणि उद्या कॉलेजच्या लायब्ररीत जाऊन त्याचं पुस्तक हुडका. एकच वाक्य. बाकीचं आपोआप सुरू होतं.