डबा न उघडता

‘सिस्टीम म्हणजे काय?’ हा ओरल्समधला हमखास प्रश्न. आपण एक चौकोन काढतो, डावीकडून एक बाण आत, उजवीकडून एक बाण बाहेर, मधे एच ऑफ एस. एक्स्टर्नल मान हलवतात, विषय संपतो. पण आत काय आहे ते दिसत नसताना नुसत्या बाणांकडे बघून त्या चौकोनावर विश्वास ठेवायचा की नाही, हे कसं ठरवायचं? (मी कॉन्व्हेंटची, त्यामुळे इनपुट-आउटपुटला शुद्ध मराठी शब्द सुचत नाहीत. संपादकांनी सांभाळून घ्यावं.)

आधी आपल्या घरचा, म्हणजे चिपचा डबा. ३२ बिटच्या दोन संख्यांची बेरीज करणारं सर्किट घ्या. सगळे इनपुट घालून तपासायचं तर २ चा ६४ वा घात इतक्या जोड्या होतात. सेकंदाला १०० कोटी तपासल्या तरी ५८० च्या वर वर्षं लागतील. म्हणून निवडक इनपुट घालून बघतात, आणि तिथेच फसगत होते. १९९४ मध्ये इंटेलच्या पेंटियमचा भागाकार चुकतो हे थॉमस नाइसली या गणिताच्या प्राध्यापकांनी उजेडात आणलं. ४१९५८३५ भागिले ३१४५७२७ चं उत्तर १.३३३८२ हवं, ते यायचं १.३३३७४. चिपमधल्या एका टेबलातल्या काही नोंदी भरायच्या राहिल्या होत्या, बस्स! कंपनीला ४७.५ कोटी डॉलर बाजूला काढावे लागले. पुढे ‘काहीही घाला, उत्तर बरोबरच येणार’ हे गणिताने सिद्ध करण्यावर, म्हणजे फॉर्मल व्हेरिफिकेशनवर भर वाढला. ते जमतं, कारण आतलं ड्रॉइंग आपणच काढलेलं असतं.

शरीराचं ड्रॉइंग कोणी देत नाही.

माझ्या रूम पार्टनरला टाइप वन डायबेटिस आहे. (तिला विचारूनच लिहितेय.) तिच्यासाठी इनपुट दोन: मेसचं जेवण आणि टोचून घेतलेलं इन्सुलिन. आउटपुट एक: रक्तातली साखर. आपल्यात हे काम क्लोज्ड लूपमध्ये आपोआप चालतं. साखर वाढली की स्वादुपिंड इन्सुलिन सोडतं, साखर उतरली की ते कमी होतं. आता दोन माणसांची उपाशीपोटी साखर ९० आली, तर दोघं सारखेच का? नाही. एकाचं थोड्या इन्सुलिनमध्ये भागत असेल, दुसऱ्याचं स्वादुपिंड त्याच ९० साठी जीव तोडून राबत असेल. स्टेडी स्टेटचं रीडिंग हे सांगत नाही. सिस्टीमला धक्का द्यावा लागतो.

रिचर्ड बर्गमन, क्लाउडिओ कोबेली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७९ मध्ये तेच केलं. कुत्र्यांच्या शिरेत एकदम ग्लुकोज सोडलं (आपला इम्पल्स इनपुट!) आणि थोड्या थोड्या वेळाने रक्त तपासलं. मग एक युक्ती केली, जी मला फार आवडते: मोजलेलं इन्सुलिन हेच इनपुट मानलं आणि ग्लुकोज आउटपुट. म्हणजे लूप कागदावर तोडला. सात मॉडेल्स ताडून पाहिली आणि त्यातून निवडलं ते ‘मिनिमल मॉडेल’, ग्लुकोजसाठी फक्त दोन डिफरन्शियल इक्वेशन्स. त्यातलं दुसरं म्हणतं की रक्तातलं इन्सुलिन लगेच काम करत नाही, मधे एक न दिसणारा कप्पा आहे. ‘मिनिमल’ यासाठी की पॅरामीटर वाढवत गेलं तर कुठलाही ग्राफ जुळवता येतो. सबमिशनच्या आदल्या रात्री आपण एक्सेलमध्ये सहाव्या डिग्रीची ट्रेंडलाइन मारतो, तसं. रेघ सगळ्या बिंदूंतून जाते, पण अर्थ काहीच निघत नाही.

खरी भानगड उशिराची आहे. कातडीखाली टोचलेलं जलद इन्सुलिनसुद्धा साधारण १५ मिनिटांनी सुरू होतं, तास-दोन तासांनी जोरात असतं आणि तीन-चार तास तरी चालतं. हॉस्टेलच्या गीझरचं पाणी गार म्हणून आपण नळ अजून फिरवतो आणि मग एकदम भाजतं, तसंच हे. फरक इतकाच की नळ मागे फिरवता येतो, टोचलेलं इन्सुलिन काढून घेता येत नाही. ‘अजून २५० दाखवतंय, घे की आणखी थोडं’ असं तिला मेसमध्ये काळजीपोटी सांगणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं.

म्हणून इन्सुलिन पंपाचा कंट्रोलर आधी कॉम्प्युटरमधल्या रुग्णांवर चालवून बघतात. व्हर्जिनिया आणि पादुआ विद्यापीठांच्या सिम्युलेटरमध्ये असे ३०० रुग्ण होते. २००८ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने प्राण्यांवरच्या चाचण्यांऐवजी तो मान्य केला. तरी प्रश्न दोन उरतातच, आणि आपण ते नेहमी एकात मिसळतो. आपण मॉडेल बरोबर सोडवलं का, हे व्हेरिफिकेशन. मुळात बरोबर मॉडेल सोडवलं का, हे व्हॅलिडेशन. ताप, जागरण, जिने चढणं, सेमिस्टरचं टेन्शन, या सगळ्याने माणसाचे पॅरामीटर रोज बदलतात. चिपचे तसे बदलत नाहीत. त्यामुळे माणसांवरच्या चाचण्या चुकत नाहीत. २०१६ मध्ये अमेरिकेत पहिला हायब्रिड क्लोज्ड लूप पंप मंजूर झाला, तरी त्यालाही जेवताना किती कार्बोहायड्रेट खाणार ते सांगावं लागायचं.

तिच्याकडे पंप नाही. त्यामुळे आमच्या विंगपुरतं सांगते. ती घामाघूम झाली, हात थरथरायला लागले, किंवा भलतंच बोलायला लागली तर साखर उतरली आहे असं समजा. शुद्धीवर असेल आणि गिळता येत असेल तर तीन चमचे साखर पाण्यात घालून द्या, १५ मिनिटांनी मीटरवर बघा, ७० च्या खाली असेल तर पुन्हा द्या. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही घालू नका, रेक्टर मॅडमना हाक मारा आणि १०८ लावा. मीटर तिच्या टेबलाच्या पहिल्या खणात आहे आणि साखरेची बरणी खिडकीत, माझ्या ड्राफ्टरच्या मागे.